मुलांना पानिपत सांगताना यमुना विसरू नका

या अंकासाठी मुंबई आणि उपनगरांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पानिपतविषयी आहेत, आणि त्यांतली बहुतेक पालकांनी, आजी-आजोबांनी किंवा शिक्षकांनी लिहिलेली आहेत. त्यांतली पाच निवडून येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. पानिपतच्या तिसऱ्या लढाईची तारीख, सेनापतींची नावे आणि पराभवाची कारणे तो घडाघडा म्हणतो. परवा मात्र त्याने विचारले, "छावणीत उपासमार होत होती, तर भाऊसाहेब सरळ दिल्लीला परत का गेले नाहीत?" मला उत्तर देता आले नाही. "नशीब" म्हणून विषय मिटवणे बरे वाटत नाही. हे कसे समजावून सांगावे?
— एक पालक, विलेपार्ले

उत्तर : आपल्या मुलाने विचारलेला प्रश्न हाच पानिपतच्या धड्याचा गाभा आहे, आणि त्याचे उत्तर नशिबात शोधण्यापेक्षा नकाशात शोधावे. आपल्याकडे पानिपत सांगताना आधी वीर येतात, मग पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडल्याचा क्षण येतो, आणि यमुना आलीच तर एखाद्या ओळीत येऊन जाते. माझे मत असे आहे की, मुलांना सांगताना हा क्रम उलटा करावा. आधी नदी काढावी आणि माणसे नंतर उभी करावीत.

घरातल्या जमिनीवर निळी ओढणी उत्तर-दक्षिण अशी लांब पसरावी. हरियाणाच्या त्या भागात यमुना उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, ही गोष्ट कोकणातल्या पूर्वेकडून पश्चिमेला धावणाऱ्या नद्या पाहिलेल्या मुलांच्या आधी डोक्यात बसावी लागते. ओढणीच्या पश्चिमेला, वरून खाली, चार चिठ्ठ्या ठेवाव्यात : कुंजपुरा, कर्नाल, पानिपत, दिल्ली. पूर्वेला बागपतची चिठ्ठी पानिपत आणि दिल्ली यांच्या मधल्या पट्ट्यात येईल. ओढणीच्या पूर्वेचा, गंगा आणि यमुना यांच्या मधला सुपीक मुलूख म्हणजे मराठी पत्रांतला अंतर्वेद. अब्दालीचा साथीदार नजीबखान रोहिला याची ताकद त्याच बाजूला होती, आणि अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीला धान्य पुरवणारा मुलूखही तोच. तिथे मूठभर तांदूळ ठेवावेत.

आता महिने सांगावेत. ऑगस्ट १७६० च्या सुरुवातीला मराठ्यांनी दिल्ली घेतली तेव्हा यमुना दुथडी भरून वाहत होती. अब्दाली पलीकडे आणि मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, अलीकडे, असा तो पावसाळा गेला. उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, सापडत नसल्यामुळे दोन्ही फौजांना एकमेकांना भिडता येईना. मिठीला पूर आला की एका बाजूची माणसे दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाहीत, हे मुंबईच्या मुलांना वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही. दिल्लीत पैसा आणि वैरण दोन्ही कमी पडू लागल्यावर भाऊसाहेब नदीच्या कडेने उत्तरेला निघाले आणि १७ ऑक्टोबरला त्यांनी कुंजपुऱ्याची गढी घेतली. तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्या वर्षीचा दसराही तिथेच झाला. येथपर्यंत मुलांना सगळे विजयाचेच दिसेल, आणि तसेच दिसू द्यावे.

यानंतरची चाल मुलाच्या हाताने करून घ्यावी. ऑक्टोबरच्या अखेरीस, पाणी पुरते ओसरलेले नसताना, अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. त्याची सोंगटी ओढणीवरून अलीकडे आणून दिल्ली आणि मराठे यांच्या मधोमध ठेवायला सांगावे आणि एवढेच विचारावे, "आता दिल्लीची वाट कोणाच्या हातात आहे?" याहून अधिक काही सांगावे लागणार नाही. भाऊसाहेब मागे वळले आणि पानिपतला खंदक खणून बसले. दक्षिणेला अब्दाली, त्याच्या पलीकडे दिल्ली, आणि त्याहून कितीतरी दूर पुणे. दिल्ली पानिपतपासून साधारण ९० किलोमीटरवर आहे. दादरहून कर्जत जेवढे, तेवढेच हे अंतर, पण त्या अडीच महिन्यांत ते ओलांडता आले नाही.

मग तांदूळ हलवावेत. अंतर्वेदातले दाणे अब्दालीच्या छावणीकडे न्यायचे असतील तर ते यमुनेच्या एखाद्या उतारावरून सहज नेता येतात, कारण नदीचे दोन्ही तीर आता त्याच्याच माणसांच्या ताब्यात आहेत. तेच दाणे पानिपतला पोहोचवायचे म्हटले की मुलाचे बोट प्रत्येक वाटेवर अडते. ही रसद तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे होते आणि डिसेंबर १७६० मध्ये ते अंतर्वेदात मारले गेले. पाठ्यपुस्तकांत पराभवाच्या कारणांत "रसदीची टंचाई" असे दोन शब्दांत येते ते हे. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायकामुले, बाजारबुणगे आणि तीर्थयात्रेसाठी आलेली माणसेही मोठ्या संख्येने होती, हे त्यात मिळवले की जानेवारीपर्यंत काय अवस्था झाली असेल याचा अंदाज मुलालाच बांधता येतो.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठे छावणीतून बाहेर पडले ते अशा स्थितीत. गोल बांधून, म्हणजे बायकामुलांना आणि सामानाला मध्ये घेऊन, तोफा आणि गारदी पायदळाच्या जोरावर लढत लढत दिल्लीच्या दिशेने सरकायचे, असा बेत असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा आपल्या मुलाला असे सांगता येईल की, भाऊसाहेब दिल्लीला परत जाण्याचाच प्रयत्न करत होते आणि ती लढाई त्या वाटेवरच झाली. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. मग विश्वासरावांना गोळी लागली, अब्दालीने मागे राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या जंबुरका, म्हणजे लहान तोफा, पुढे आणल्या, आणि सूर्य मावळायच्या आत सगळे संपले. हा भाग मुलांना पाठ असतोच. तो थोडक्यात सांगितला तरी चालेल.

प्रश्न : आमच्या घरात पानिपतची गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. नातीला मीही ती सांगितली : मल्हारराव निघून गेले, सूरजमल आधीच सोडून गेला, आणि ऐन संक्रांतीला घात झाला. आता ती मला विचारते, "आजोबा, मग चूक कोणाची?" काय सांगू?
— एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आधी संक्रांतीचे पाहू, कारण ते सोपे आहे. मकरसंक्रांतीचा दिवस इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी संक्रांतीला झाला, हे आपल्याला ठाऊक असेल. त्याच हिशेबाने मागे गेल्यास १७६१ ची संक्रांत लढाईच्या सुमारे चार दिवस आधी होऊन गेली होती. मात्र आदल्या वर्षी, १० जानेवारी १७६० रोजी, दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर यमुनेच्या पात्रातच पडले आणि तो दिवस संक्रांतीचा होता. लोकांच्या आठवणीत दोन्ही जानेवारी एक झाले असावेत, असा माझा तर्क आहे. नातीला पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून हा हिशेब करून दाखवावा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना असले कोडे फार आवडते. बुराडी घाटाची चिठ्ठीही ओढणीच्या कडेला ठेवावी, म्हणजे या नदीच्या उतारांवर वर्षभर आधीपासून काय चालले होते ते तिला कळेल.

दोषाचा प्रश्न अवघड आहे, आणि तो एका नावावर संपवू नये असा माझा आग्रह आहे. मल्हारराव होळकर लढाईच्या शेवटच्या टप्प्यात आपली फौज घेऊन निघाले, हे खरे. पण तेव्हा मधली फळी कोसळली होती की नव्हती, आणि उरलेली माणसे वाचवणे हा त्यांचा निर्णय होता की आणखी काही, यावर आजही वाद आहे. विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके गोल सोडून पुढे घुसल्याने तटबंदी फुटली, असेही सांगितले जाते. सूरजमल जाट दिल्लीतूनच बाजूला झाला, हेही खरे आहे. परंतु पराभवानंतर उपाशी, जखमी आणि उघड्यावर पडलेल्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा त्यानेच दिला. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेरबहादूर जखमी अवस्थेत त्याच्याच मुलखात पोहोचले आणि तिथेच वारले. गोष्टीचा हा अर्धा भाग घरोघर गाळला जातो, तो आपण गाळू नये.

नातीला उलट विचारून पाहावे : "कुंजपुरा जिंकल्यावर तू असतीस तर बागपतच्या उतारावर पहारा ठेवला असतास का?" ती बहुधा "हो" म्हणेल. मग तिला विचारावे की नदी भरलेली आहे, उतार किती आहेत ते नक्की माहीत नाही, फौजेला पगार देता येत नाही आणि पुढे धान्याचा साठा दिसतो आहे, तर पहाऱ्याला किती माणसे मागे ठेवशील? दोष देणे आणि निर्णय घेणे यांतला फरक तिला इथे कळू लागेल. माझ्या मते यमुनेचे उतार मोकळे सोडणे ही त्या मोहिमेतली सर्वांत महागात पडलेली गोष्ट होती. पण नातीला ते आधी सांगून टाकू नये.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. वर्गात सर्व धर्मांची मुले आहेत. पानिपतचा धडा आला की काही मुले एकमेकांना "तुमचे" आणि "आमचे" म्हणू लागतात. धडा टाळता येत नाही आणि खोटे गोडही सांगायचे नाही. मार्ग सुचवावा.
— एक शिक्षक, कुर्ला

उत्तर : खोटे गोड सांगायचे नाही, हे आपले म्हणणे मला मनापासून पटले. नजीबाने अब्दालीला बोलावताना आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला याला आपल्या बाजूला वळवताना धर्माची हाक दिली होती. ते लपवू नये. पण फळ्यावर दोन रकाने आखून प्रत्यक्षात कोण कोणाकडून लढले ते मुलांकडूनच भरून घ्यावे. मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी. त्याला फोडण्याचे प्रयत्न झाले तरी तो फुटला नाही आणि पकडला गेल्यावर मारला गेला. समशेरबहादूर मराठ्यांकडून. दुसऱ्या रकान्यात शुजाच्या फौजेत लढणारा अनूपगिर गोसावी आणि त्याचे नागे. शुजाच्याच पदरी असलेला काशीराज पंडित हा ब्राह्मण कारभारी लढाई डोळ्यांनी पाहून तिची हकिकत लिहून ठेवतो. विश्वासरावांच्या देहावर हिंदू रीतीने संस्कार झाले तेही शुजाच्या रदबदलीमुळे. रकाने भरत जातील तसे "तुमचे-आमचे" आपोआप कमी होते.

शेवटी महादजी शिंद्यांची हकिकत सांगावी. पाय जायबंदी होऊन ते पडले असताना राणेखान नावाच्या एका भिश्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजी पुढे त्याला भाऊ मानत आणि मोठ्या पदावर त्यांनी त्याला ठेवले. अवघ्या दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या त्यांत महादजी होते. धडा १७६१ ला संपत असला, तरी मुलांना १७७१ पर्यंत न्यावे.

प्रश्न : माझ्या मुली नऊ आणि चौदा वर्षांच्या आहेत. लढाईनंतरच्या कत्तलीबद्दल त्यांना किती सांगावे?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : दोघींना एकत्र बसवून एकच गोष्ट सांगू नये. धाकटीला एवढे पुरे की फार माणसे गेली आणि जी वाचली ती थंडीत, उपाशीपोटी, शेकडो कोस चालत घरी आली. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई परतल्या, हे तिला आवर्जून सांगावे. थोरलीला कैद्यांच्या कत्तलीविषयी आणि गुलाम म्हणून नेलेल्या बायकामुलांविषयी स्पष्ट शब्दांत, पण वर्णनाची चव न घेता सांगावे. नाना फडणीस त्या वेळी अठरा वर्षांचे होते. त्यांची आई त्या धुमश्चक्रीत हरवली आणि ते स्वतः वाट काढत निसटले. ही हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. चौदा वर्षांच्या मुलीला लाखाच्या आकड्यापेक्षा हा एक मुलगा अधिक समजतो.

प्रश्न : जानेवारीत एका लग्नासाठी आम्ही सहकुटुंब दिल्लीला जात आहोत. मुलांना पानिपत दाखवावे म्हणतो. तिथे काय पाहावे? आणि ज्यांना एवढ्या लांब जाणे शक्य नाही, त्यांनी मुंबईजवळ काय दाखवावे?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : दिल्लीहून पानिपत एका दिवसात होते. मात्र जानेवारीत पहाटे धुके इतके दाट असते की महामार्गावरची वाहने रांगतात, म्हणून ऊन पडल्यावर निघावे. शहराबाहेर काला आम येथे लढाईचे स्मारक आहे. रक्तामुळे आंब्याचे झाड काळे पडले ही आख्यायिका मुलांना आख्यायिका म्हणूनच सांगावी. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून पुष्कळ लोक तिथे जमतात. शहरात वस्तुसंग्रहालय आहे, १५२६ च्या पहिल्या लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर आहे, आणि बाबराने बांधवलेली काबुली बागेतली मशीद आहे. त्या मैदानी पट्ट्यावर तीन लढाया का झाल्या हे मुलांनी विचारले तर त्यांना पंजाबातून दिल्लीकडे येणारा जुना रस्ता दाखवावा. पूर्वेला यमुना आणि पश्चिमेला कोरडा मुलूख यांच्यामधून दिल्लीकडे जायची ती सरळ वाट आहे.

पण स्मारकाशी थांबून परत येऊ नये. तिथून पूर्वेला, कैराना-शामलीच्या रस्त्यावर, यमुनेचा पूल लागतो आणि पुलापलीकडे उत्तर प्रदेश सुरू होतो. पुलावरून खाली पाहिल्यावर मुले हमखास विचारतील की एवढ्याशा पाण्याने फौजा कशा अडल्या. त्याची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे फौजा अडल्या त्या पावसाळ्यात. दुसरे म्हणजे आज डोंगरातून उतरताच हथनीकुंड बंधाऱ्यापाशी यमुनेचे पाणी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही कालव्यांत वळवले जाते, म्हणून हिवाळ्यात खाली फारच थोडे पाणी येते. शिवाय नदीने पात्रही बदलले आहे. जुन्या काळी ती शहराला अधिक लगटून वाहत होती आणि गाव तिच्या जुन्या काठाच्या उंचवट्यावर वसले आहे. हे सांगितले नाही, तर मुलांना नकाशातली नदी आणि डोळ्यांपुढची नदी यांचा मेळ लागणार नाही.

ज्यांना पानिपत गाठणे शक्य नाही त्यांनी वसई दाखवावी. हा केवळ सोयीचा पर्याय म्हणून मी सांगत नाही. १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेणारे चिमाजी अप्पा हे सदाशिवरावभाऊंचे वडील. वसईची खाडी म्हणजे कर्जत-कल्याणकडून येणाऱ्या उल्हास नदीचे एक मुख, आणि तिच्या दोन्ही तीरांचा हिशेब अप्पांनी कसा केला ते नकाशावर स्पष्ट दिसते. १७३७ मध्येच ठाणे आणि साष्टीबरोबर खाडीच्या दक्षिण तीरावरचे घोडबंदर मराठ्यांनी घेतले होते. १७३९ मध्ये खाडीच्या तोंडाशी, वसईच्या समोरच्या अंगाला, उत्तनजवळचा धारावीचा किल्ला घेतला. मग पाण्याने तीन बाजूंनी वेढलेल्या वसईला पाण्यातून येणारी मदत आटली, आणि जमिनीकडच्या बाजूने सुरुंग लावून तट फोडल्यावर मे महिन्यात पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. ओढणीचा खेळ इथेही खेळता येतो, फक्त ओढणी या वेळी पूर्व-पश्चिम पसरावी.

विरारची गाडी भाईंदर सोडून पुलावर आली की मुलांना डब्याच्या दोन्ही बाजूंनी पाहू द्यावे : पूर्वेकडे घोडबंदरची दिशा, पश्चिमेकडे समुद्र, आणि मध्ये पाणजू बेट. वसई स्थानकाहून किल्ल्यापर्यंत बस आणि रिक्षा मिळतात. आत गेल्यावर आधी बंदराकडच्या दरवाजातून खाडी पाहावी आणि नंतर जमिनीकडच्या तटाकडे यावे. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात आणि शक्यतो ओहोटीला पोहोचावे, कारण त्या वेळी खाडीच्या कडेचा चिखल दूरवर उघडा पडतो, आणि पोर्तुगिजांवर हल्ला जमिनीच्या बाजूनेच का करावा लागला हे मुलांना तिथे उभे राहून समजते. तटाच्या कडा अनेक ठिकाणी ढासळलेल्या आहेत, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये. पाणी आणि टोपी बरोबर असावी, कारण आत सावली फार थोडी आहे.